साकु

रात्रभर थेंब पडत होता.
सकाळी जिन्याखालच्या फरशीवर
परातीएवढा डाग, मध्ये सुकलेला, कडेला ओला,
आणि घरभर पेट्रोलचा वास,
दुधाच्या पातेल्यालासुद्धा.
बायको म्हणाली, गॅस पेटवायचा नाही.
चहा बाहेर पी, आणि तिला घेऊन जा.

गडहिंग्लजची माणसं हद्द ओलांडून
आमच्या संकेश्वरात टाकी भरायला येतात,
लिटरमागं चार पैसे वाचतात म्हणून.
आणि आमचं हे असं, फुकट, फरशीला.

येझदी ढकलत नेली
मिरची बाजाराच्या मागं, दस्तगीर सनदींच्या शेडात.
तिथं नवखा माणूस आधी सात वेळा शिंकतो, मग बोलतो.

"काय गा, काटेवाले?"
(साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी असतो,
त्यावरून हे नाव.)
गळूलालीय, म्हटलं.
"काय?"
गळूलालीय!
चाळीस वर्षांच्या सायलेन्सरांनी
त्यांचे कान अर्धे नेलेत.

कॉक बंद केला. थांबले. थेंब थांबला.
उघडला. मी सहा मोजले, पुन्हा टपकन.
"टाकी नाही, नळी नाही.
आत कोणतरी पुरे म्हणायचं विसरलंय."

पान्याच्या मागच्या टोकानं वाटीला हळूच ठोकलं,
ठसका लागलेल्या पोराच्या पाठीवर मारतात तसं.
कधी एवढ्यानंही सुटतं, एखादा कण अडकलेला असतो.
सुटलं नाही.

मग उघडलं. तळाला लाल गाळ,
मला वाटलं होतं मिरचीचं बी निघणार.
सुई काढून टोकावर नख फिरवलं: चरा नाही.
फ्लोट, पितळेचा, कानापाशी हलवला.
उजव्या. मग डाव्या.
मग माझ्यापुढं धरला.
"ऐक."

आधी रिव्हर्स घेणारा ट्रक ऐकला.
मग लिलावाचा भोंगा, *मूरु साविर, मूरु साविर.*
मग अगदी आत,
जुन्या नारळात उरतं तेवढं पाणी.
मान हलवली तेव्हा लक्षात आलं,
ते फ्लोटकडे बघतच नव्हते,
माझ्या तोंडाकडे बघत होते.

गिरेव्वाच्या टपरीवरून उकळतं पाणी आणलं.
"बरे बिसिनीरु साका?" तिनं विचारलं,
नुसतं पाणी पुरे? चहा नको?
फ्लोट चमच्यानं दाबून धरला
आणि जोडावरून बुडबुडे सुटले,
एकामागं एक, मोहरीपेक्षा बारीक.
"हा बघ चोर."

भोक जरा मोठं करून आतलं ओतलं, मग उन्हात ठेवलं.
त्यांनी हुंगलं, मला हुंगायला लावलं, परत ठेवलं.
"वास हाय तोवर कथिल नाही.
माझ्या चुलत्याला एक भुवई नव्हती."

कथिलाचा एक ठिपका.
तळहातावर घेतला, तोंड वाकडं केलं, कानस मारली.
"जड झाला तर खाली बसंल,
खाली बसला तर पेट्रोल वर चढंल."
माझ्या हातावर ठेवला.
वीस-वीस टनांच्या गाड्या तोलणारा मी,
मला काहीच लागलं नाही.
त्यांना लागलं. पुन्हा कानस.

जोडलं. खाली पुठ्ठा. कॉक उघडला.
आत काय चाललंय ते दिसत नाही:
वाटी भरत येते, फ्लोट वर येतो,
सुईला भोकाकडं ढकलतो.
सहा मोजले. साठ मोजले.
गिरेव्वा पातेलं न्यायला आली
आणि तीही वाकून पुठ्ठ्याकडं बघत राहिली.

शंभराची नोट दिली.
चाळीस परत माझ्या खिशात कोंबत म्हणाले,
"साकु."

घरी बायकोनं रात्री तरीही
गाडीखाली परात ठेवली.
सकाळी परातीत
एक पाकोळी होती, कोरडी.