अडीच वितींची कबर

मासळीची पेटी होती ती, निळी.
रात्रीतून तीनदा घासली लिंबाने,
तरी बांगड्यांचा वास काही गेला नाही.
तिच्यातच बर्फावर ठेवला बापाचा डावा पाय.
कोता भारूच्या इस्पितळाने पावती दिली :
अवयव, एक. नातेवाइकांच्या ताब्यात.

मेहुणा झुल्किफ्ली मोटारसायकल हळू चालवत होता.
खड्डा आला की मागे न बघता म्हणायचा,
"सांभाळ. लागेल त्यांना."

तीन महिने हटून बसला होता बाप.
आधी करंगळी काळी पडली, मग टाच.
शेजारणी शहाळी आणायच्या
आणि उंबऱ्यावरच ठेवून जायच्या, श्वास धरून.
"देह ही ठेव आहे," म्हणायचा,
"मोडून कशी परत करू?
हिशेबाच्या दिवशी सगळे चालत जातील,
मी काय लंगडी घालू?"

मांत्रिकाने हळद फुंकून दिली.
इमामांनी समजावलं, जीव वाचवणं आधी.
बापाने मान डोलावली
आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मग आई बोलली, मासे साफ करता करता, वर न बघता :
"ज्याने एकदा मातीतून घडवलं
तो काय माप विसरलाय?
आणि मी? मीही तुमच्याकडची ठेवच ना?
मला कुणाकडे टाकून जाताय?"

त्याने कागदावर अंगठा उठवला.
सही येत असताना.

कबर खोदणाऱ्या अवांगने विचारलं, "किती लांब?"
कुणालाच ठाऊक नव्हतं.
माणसाचा चेहरा किब्ल्याकडे करतात,
पायाचा चेहरा कुठे असतो?
शेवटी बोटं पश्चिमेला केली,
निघालाच आहे चालत, असं.
नमाज झाली नाही. नुसत्या पायाची होत नाही म्हणे.
झुल्किफ्लीचे ओठ मात्र हलत होते.

चौथ्या महिन्यात बाप कुबड्यांवर आला तिथे.
रंबुतानची टरफलं पडली होती आसपास.
"शेजारची जागा कुणाला देऊ नकोस,"
अवांगला म्हणाला, "बाकीचा मी येतोच मागून."
मग कसाबसा खाली बसला.
"अजून खाज सुटते रे. अंगठ्याला.
रात्रभर."
आणि मातीवर नखं फिरवू लागला, हळूहळू.

अवांग काही बोलला नाही.
वाकून त्याने बापाचं मनगट धरलं
आणि हात चार बोटं पलीकडे सरकवला.