मार्मालेडची बरणी

दोनशे चौदा गेम, सगळे सेलमधले,
एकही उघडलेला नाही.
डंडीत साडेतीनलाच काळोख.
नावांच्या चिठ्ठ्या करून
मार्मालेडच्या रिकाम्या बरणीत भरल्या.

चाळीस मिनिटांत मन रमलं नाही तर पुढची चिठ्ठी,
असं ठरलं खरं;
पण पानात वाढलेलं टाकू नये, हे हाडीमाशी.
एका ड्रॅगनच्या गुहेत
अकरा तास मुकाट घास गिळले.

काल शेजारची आयला आली, सात वर्षांची.
नावच ते; हाक मारताना अजून मीच दचकते.
चिठ्ठी काढली, वाचली, परत आत.
"हा नको."

इतकं सोपं?

दुसरी निघाली: एक तळं, एक गळ,
मासा कधी लागेल सांगता येत नाही.
बसलो दोघी.
बाकीच्या चिठ्ठ्या बरणीत,
तळाच्या गोडाला चिकटलेल्या.