पेवाचा पत्ता

सौदे रंगात आले की पावणेबाराच्या सुमारास
काट्याचा प्रोग्राम मरायचा.
रोज नाही. रोज मेला असता तर सोपं होतं.
मंगळवारी पावती छापताना,
शुक्रवारी हमालीचा हिशेब लावताना,
मधले दोन दिवस अगदी शहाण्यासारखा.
काट्यावर राजापुरी हळदीचं पोतं तसंच,
पोत्यामागे अडत्या, अडत्याच्या तोंडी मी :
'आवटीबाई, तुमचं यंत्र परत झोपलं.'

बदल एकच केला होता.
मेमरी वाटणारा जुना कारकून काढून
नवा बसवला. चपळ, कमी जागेत जास्त मांडणारा.
इरफाननं बसवला, म्हणून सगळे इरफानकडे बघत होते.
तोही आरशात स्वतःकडे तसंच बघत असावा.
मी म्हटलं, जुना परत लाव.
लावला. आठवडाभर एकदाही पडला नाही.
झालं की, म्हणाले सगळे. चहा आला.

मग खणात एक पावती सापडली.
नाव तवनाप्पा नरदे, वजन त्यांचंच,
गाव सावळज हवं, तिथं छापलेलं
'वठेमहांकाळ'.
आधीच्या पोत्याचं गाव, त्यातलाही क गायब.
तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीची.
तेव्हा नवा कारकून आलाही नव्हता.

संध्याकाळी हरिपूरला गेले.
भरमूमामा पेवं दाखवत होते,
पुरात बुजली त्यातून उरलेली.
म्हणाले, माल काढला, पेव मोकळं केलं,
तरी माणसाला पत्ता पाठ असतोय.
दुसऱ्या दिशी सवयीनं येतोय, आत वाकतोय.
जुना राखणदार सुस्त, महिना महिना पेव तसंच ठेवायचा,
त्यामुळं वाकणाऱ्याला आपलीच चार हळकुंडं घावायची.
तो म्हणायचा, बघा, माल हाय की माझा!
नवा राखणदार सांजच्याला दुसऱ्याची पोती वततोय.
'मग चूक कुणाची? राखणदाराची व्हय?'

मी काही बोलले नाही.
ते कंदिलाचं सांगत राहिले :
तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा खाली.
विझला, तर माणूस सोडायचा न्हाई.

रात्री मीही कंदील सोडला.
मोकळी झालेली प्रत्येक जागा एकाच आकड्यानं सारवायची,
चुना फासल्यासारखी,
आणि त्या चुन्याला कोण हात लावतं ते बघत बसायचं.
दोन वर्षांचे सौदे एका रात्रीत फिरवले.
दोन वाजून वीस मिनिटांनी विझला.
पावतीची फाईल, ओळ चारशे बारा.
लिहिणार : मी. पाच वर्षांपूर्वी,
बहुतेक जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत.
गावाची जागा आधी सोडून दिली होती
आणि मग तिथूनच गाव वाचलं होतं.

दोन ओळींची अदलाबदल.
खाली आणखी एक ओळ : पत्ता पुसून टाक.

इरफानला सकाळी सांगितलं.
वाटलं, हसेल, निदान एखादा टोमणा तरी.
त्यानं खुर्ची ओढली, नवा कारकून परत बसवला,
आणि म्हणाला, डबा आणलाय का?

मंगळवारी तवनाप्पा आले. पावती निघाली.
सावळज. सगळं, स पासून ज पर्यंत.
त्यांनी न वाचताच चार घड्या घातल्या
आणि टोपीत ठेवून दिली.