मानेवरचा लगाम

मांजरीला, उसाच्या दोन फडांमधल्या पडीक रानात
रावल्या शिकतोय.
कागदावर त्याचं नाव रॉयल अफेअर.
रेसकोर्सवर सात वेळा पळाला, एकदा तिसरा आला,
मग गुडघा सुजला
आणि चंदीच्या उधारीपोटी दस्तगीरच्या दारात येऊन उभा राहिला.

उरुळीच्या फार्मवाल्याला काउबॉय घोडा हवाय,
लग्नाआधीच्या फोटोंसाठी.
खोगीर भवानी पेठेत शिवून घेतलं, चित्र दाखवून.
पुढचं शिंग बघून कारागीर म्हणाला, "हा वरवंटा कशाला?"
म्हटलं, तिकडे त्याला दोर बांधतात, दोराला गाय.
"आणि इकडे?"
इकडे पाण्याची बाटली.

रावल्याला एकच भाषा येते:
तोंडात ओढ बसली की पळ.
मलाही बावीस वर्षं एकच येत होती:
तो पळाला की ओढ.
(दस्तगीर मला अजून जॉकी म्हणतो. मी कधीच नव्हतो.
पहाटे घोड्यांना फिरवून आणायचो, इतकंच.)

आता दोन्ही पट्टे एका डाव्या मुठीत.
डावीकडे वळायचं तर उजवा पट्टा मानेला टेकवायचा,
आयाळीच्या मुळाशी.
टेकवायचा फक्त.
थांबायचं.
नाही कळलं तर उजवी पोटरी.
तरी नाही, तर उजव्या हाताने डाव्या लगामाची
बोटभर आठवण.

नऊ दिवस मी मूठ आयाळीपलीकडे ओढत राहिलो.
तोंड उजवीकडे, पाय डावीकडे,
डोळा दस्तगीरकडे, की हे काय चाललंय.
दस्तगीर कुंपणावर बसून तंबाखू मळत म्हणाला,
"जॉकी, माशी बसली तरी कळतं त्याला.
माशी कधी ओढते काय?"

गुरुवारी डांबराच्या तिसऱ्या पिंपाशी
मी नुसतं नदीकडे पाहिलं.
मूठ हलली असेल, नसेल.
पट्टा मानेला लागला
आणि अख्खा रावल्या, कान, खांदे, सुजका गुडघा,
दार वळावं तसा वळला.
बिजागरी वाजली नाही.

माझा उजवा हात मात्र तसाच वर,
मूठ वळलेली, नसलेला लगाम धरून.
मांडीवर ठेवला. परत वर आला.
"आता त्याला शिकव," दस्तगीर म्हणाला.

मी तो शिंगाला टांगलेल्या बाटलीकडे नेला.
बूच उघडायला
दोन हात लागतात.