पीठ आहे ना

रात्री अकराला घुमट उघडतो.
फिलाब्रेसच्या डोंगरावरून वारा आत येतो,
रानओव्याचा वास घेऊन.
आइनोआ म्हणते, एउलोखियो, आज एकच दीर्घिका.
तीन तास.
मी आकडे भरतो. दुर्बीण वळते,
तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या खेचरासारखी,
कुरकुर न करता.

पडद्यावर निळसर डाग. गव्हाच्या दाण्याएवढा.
तीस कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड.
शेजारी कोण हिच्या? मी विचारतो.
कोणीच नाही.
कोटभर प्रकाशवर्षं कुठेही चालत जा,
एखादी भेटली तर भेटली.
म्हणून हिला कोणी धडकलं नाही, ओरबाडलं नाही.
वायू अजून पोटात पुष्कळ.
तारे घडवते सावकाश, चार आज, चार मग.
गर्दीतल्या हिच्या बहिणी
केव्हाच सगळं उधळून लाल होऊन बसल्या.

मला आमची आसेन्सिओन आठवते.
माझ्या लहानपणी वस्तीत चाळीस धुराडी होती.
आता तीन.
भाऊ बार्सिलोनाला गेले, गिरणीत लागले,
भराभर कमावलं, भराभर पिकले.
आसेन्सिओन एक्याण्णव वर्षांची.
लग्नात आणलेलं आंबवण अजून जिवंत ठेवलंय,
दर शनिवारी भट्टी पेटवते.
खायला आहे कोण, मावशी?
तर म्हणते, पीठ आहे ना.

हे आइनोआला सांगत नाही.
माणसांचं नि दीर्घिकांचं एक नसतं, म्हणेल ती.
खरंच आहे.
आसेन्सिओनला रात्री करमत नाही.
फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही,
तरी रेडिओवर सामना लावून झोपते.

दोन चाळीसला हवेतली ओल वाढली.
घुमट मिटावा लागला.
चाळीस मिनिटं कमी पडली.
आइनोआने थर्मासमधली कॉफी दोघांत ओतली,
म्हणाली, राहिलेलं पुढच्या अमावास्येला.
ती कुठे पळून जातेय.

सकाळी उतरताना वळणावर गाडी थांबवली.
बदामांना नुकता बहर आलाय, झोडायला माणूस नाही.
खाली वस्ती.
एक धूर. दुसरा, पातळसा.
आज शनिवार.

इंजिन बंद केलं,
काच खाली घेतली
आणि बसून राहिलो.