रात्रपाळीची दुभाषी

युमाच्या इस्पितळात, रात्री पावणेतीनला
ओब्दुलिया तेरासास बोलते ती वाक्यं तिची नसतात.
नियमच आहे तसा: दुसऱ्याचा 'मी' तोंडात धरायचा,
आपला बाहेर, कोटासोबत खुंटीला.

नर्स डार्लीन म्हणते, सेटल डाउन.
गढूळ पाणी हलवू नये, गाळ आपोआप खाली बसतो,
असं काहीतरी असतं त्या दोन शब्दांत.
ओब्दुलियाच्या स्पॅनिशमध्ये तो गाळ येत नाही.
ती म्हणते, त्रांकिला, सेन्योरा, त्रांकिला,
आणि उरलेलं आवाज खाली आणून भागवते.

काल्मेसे हा शब्द तिने बारा वर्षांत एकदाच वापरला.
बिनचूक, सरळ कोशातला.
समोरच्या बापाने खुर्ची उचलली होती.

टेक इट ईझी, म्हणाले होते परवा दॉन एलेउतेरिओला.
घ्या म्हणे. सोपं घ्या.
कुठून, ते सांगत नाहीत.
एकतीस हिवाळे त्याने लेट्यूसचे गड्डे कापले,
दवाने भिजलेले हातमोजे, कंबरेत मोडलेला,
पहाटे चारला शेताच्या कडेवर दिवे लावून.
ओब्दुलिया म्हणाली, सावकाश घ्या, दॉन एलेउतेरिओ.
सावकाश घेतलं असतं, तो म्हणाला,
तर ट्रक मला सोडून गेला असता.
हे तिने इंग्रजीत नेलं. तिथे कुणी हसलं नाही.

आता डॉक्टर व्हिटकम दार लोटून बाहेर येतात,
टोपी काढतात, कपाळावर तिचा वळ.
ही इज रेस्टिंग नाऊ.

बाकावर क्रिसांता ओलिवास,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत त्याचे बूट.
तिच्या गावी या देस्कान्सो म्हणतात,
विसावला एकदाचा,
तेव्हा बायका आरशावर चादर टाकतात
आणि कुणीतरी कॉफीचं मोठं पातेलं मागायला शेजारी जातं.
विसाव्यात तसं काही वाईट नाही.
घात त्या 'आता'त आहे.
(मराठीतही ही ओळ मी जपून लिहितोय.
तो शांत झाला, असं लिहिलं तर
झालंच.)

दोन सेकंद ओब्दुलिया गप्प.
दुभाष्याचे दोन सेकंद फार असतात.
तेवढ्यात क्रिसांताची बोटं पिशवीच्या गाठीवर पांढरी.

दोर्मिदितो, म्हणते ओब्दुलिया. झोपलाय.
पोरासारखा झोपलाय, गाढ, आणि सेन्योरा, घोरतोय.

घोरण्याचं डॉक्टर काही बोलले नव्हते.
ते पाहतात: माझे चार शब्द, हिचे इतके कसे?
ओब्दुलिया जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीकडे बघते,
रेडिओलॉजीकडे नेणाऱ्या.

क्रिसांता मोठा श्वास सोडते, मग खुसखुसते.
अडतीस वर्षं, ती म्हणते, अडतीस वर्षं
त्या घोरण्यापायी मी भिंतीकडे तोंड करून झोपले.
पिशवी बाजूला ठेवते. बूट नीट उभे करते, जोडीने.
मग वर बघून विचारते,
आणि तू, पोरी? तू कधी विसावतेस?

नियम म्हणजे नियम. जे बोललं जातं ते सगळं पलीकडे न्यायचं.
ओब्दुलिया इंग्रजीत विचारते, आणि तुम्ही?
तुम्ही कधी विश्रांती घेता?
'पोरी' तेवढं वाटेत गाळते.

डॉक्टर चमकतात. हे त्यांना कुणी विचारलेलं नसावं.
भिंतीला पाठ टेकतात, चष्मा पुसत राहतात.
रविवारी, म्हणतात. नशिबात असेल तर.

रविवारी, सांगते ओब्दुलिया क्रिसांताला,
प्रथमपुरुषी, एकवचनी, नियमाप्रमाणे,
मी रविवारी विसावते.
नशिबात असेल तर.