चिंचेचं नाव काढायचं नाही

नियम छापील आहेत.
तासभर आधी खाणं नाही, चहा नाही,
मिश्री तर नाहीच.
पाण्यानं एकदा चूळ, मग दहा मिनिटं गप्प,
मान खाली,
आपोआप साचेल तेवढंच नळीत सोडायचं.
खाकरायचं नाही.
आणि समोरच्याला कितीही कोरड पडली
तरी चिंचेचं नाव काढायचं नाही.
आंबटानं सुटलेलं पाणी पातळ असतं,
त्यात आपल्याला हवं ते विरून जातं, सर म्हणाले होते.

जिंतूर डेपोत, टायरच्या खोलीत आमचं टेबल.
खिडकीला लागून चिंचच.
फेब्रुवारीतली, लगडलेली.
मी जुन्या सीटचं कापड ओढून घेतलं.

मुंजाजी रेंगे, ड्रायव्हर, बावीस वर्षं नोकरी.
आम्ही आधी तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो.
त्यांची दोनच गेली.
"भाकर कुस्करून खातो आता," म्हणाले,
रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल सांगावं तसं.
जिंतूर ते परभणी
मैलामैलाला खिडकीतून थुंकलेला माणूस,
नळी हातात आली तर थेंब येईना.
"मॅडम, मागितल्यावर येत नाही हो."
दोन मिलीला अकरा मिनिटं.
मी घड्याळाकडं बघत होते,
ते माझ्या चपलांकडं.

मग सोजरबाई.
फलाट झाडणारी, भिंती धुणारी.
"माय, मपली थुंकी कशाला गं?
भितीवर काय कमी हाये का?"
रांगेतले सगळे हसले.
ती हसली नाही.

दहा मिनिटं गप्प बसायचं होतं, ती बोलत राहिली.
नियम मोडला. मी मोडू दिला.
कोपरा पाहून मला गाडी कळती, म्हणाली.
पाथरीची येऊन गेली का सुपारी जाड.
कालेजाच्या पोरांची पुडीतली,
ब्रशानं निघत न्हाई, नखानं काढावं लागतंय.
"आन् तीन नंबरच्या खांबामागं
दिवाळीपसून कुनाची तरी लाल पडती.
तिच्यात पान नसतंय.
पानाची लाल वाळली का तांबूस व्हती.
ही काळी व्हती. माशा बसत्यात."
कोण आहे तो?
"मी निस्ती भीत पाहती माय.
मानसं गाडीत बसून जात्यात."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला:
चट्टा उठायच्या आधी, दुखायच्या आधी,
लाळेत काही प्रथिनं वाढत असावीत.
एकाचं नाव इंटरल्यूकिन आठ,
शाळेतल्या तुकडीसारखं.
अजून पक्कं नाही,
म्हणून तर दारोदार नळ्या घेऊन फिरतोय.
तिनं ऐकून घेतलं.
"म्हंजी तुमी बी खांबामागंच बघता."

नळी तिनं एका दमात भरली,
फेसाखाली दोन मिलीची रेघ बुडाली.
हिरडीच्या आतल्या बाजूला, मिश्रीचं बोट फिरतं तिथं,
साय धरल्यासारखा पांढरा डाग.
मी कागदावर खूण केली, तोंडानं काही बोलले नाही.
झाकणावर एकतीस लिहिलं.
"नाव न्हाई?"
नाव नसतं, मावशी. नंबर.
"मंग मला कसं कळंल मपली कोन्ती?"

याचं उत्तर छापील कागदावर नाही.

निघताना तीन नंबरच्या खांबामागं वाकून पाहिलं.
स्वच्छ.
फिनेलचा वास, ओली फरशी.
तिचं काम चोख.

नांदेड गाडीत बर्फाचा डबा मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, "लस का?"
थुंकी, म्हणाले.
त्यानं तिकीट जरा लांबूनच दिलं.

औंढ्याच्या पुढं पुढच्या सीटवरचा माणूस
खिडकीतून वाकला.
वारा उलटा होता.
माझ्या काचेवर आलं. लाल.
एरवी मी शिव्या घातल्या असत्या.
डबा घट्ट धरून
वसमतपर्यंत
ते वाळायची वाट पाहत बसले.